आजचा नियम

माझ्या हाताखालून आजवर लाखभर माणसांची पोटं गेली असतील आणि त्यांतल्या एकाचाही चेहरा मला माहीत नाही. मी डॉक्टर नाही. मिरजेतल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागात तंत्रज्ञ आहे. डॉक्टर दुर्बीण घालून जठरातून तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढतात, तो मेणाच्या ठोकळ्यात बसवतात आणि मी त्याचे काप काढतो. एक काप केसाच्या विसाव्या हिश्शाइतका पातळ. हल्ली यंत्रं स्वतःच कापतात, स्वतःच रंगवतात. पण दमट हवेत मेण रुसलं की यंत्राचा काप चुरगळतो आणि मग 'आवटींना बोलवा' अशी हाक येते. ठोकळ्यावर नाव नसतं, नुसता नंबर असतो. नंबरामागचं नाव शोधायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा. नाव कळलं की हात थरथरतो आणि काप जाड येतो.

तो धडा मी मोडला तो एका ठोकळ्यासाठी. त्याचा नंबर मला पाठ होता, कारण तुकडा काढत होते तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो होतो. आत माझी आई होती.

राजमती आवटी, तेव्हा वय बासष्ट. तीस वर्षं गावात बालवाडी चालवलेली. निम्मं गाव तिच्यासमोर मांडी घालून अ आ इ शिकलेलं. माझे वडील, नाना, गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही आणि त्यावर बोलून बोलून आईनेही शेवटी हात टेकले. स्लाइड बघून मी संध्याकाळी घरी आलो तर ती ओट्याशी भाकरी थापत होती.

"वाईट हाय काय?" तिने मागे न वळता विचारलं.

मी जठराच्या अस्तराबद्दल बोलायला लागलो. ग्रंथी कशा असतात, सूज कशी येते, कधी कधी रंगही नीट चढत नाही.

"लहानपणी बरणी फुटली तवाबी तू मला काच कशी करतात ते सांगितलंतास," आई म्हणाली. "तू लांबण लावलीस म्हंजे वाईटच हाय. जेवायला बस."

आमच्या विभागाच्या प्रमुख डॉ. वैजयंती दाभोळे. माहेर शिरोळकडचं, बालपण म्हशींच्या गोठ्यात गेलेलं, त्यामुळे बाईंना शास्त्र सांगताना गोठाच आठवतो. त्यांनी आईला समोर बसवून घेतलं.

"काकू, कॅन्सर जिथे उगवतो तिथे तो माणसाला सहसा मारत नाही. तो चालायला लागला की मारतो. जठराच्या अस्तरातली प्रत्येक पेशी शेजारणीचा हात धरून उभी असते. हात बाहेर दिसतो, पण तो बांधलेला असतो आत. पेशीच्या आत काही प्रथिनं असतात, त्यांचं कामच ते. खुंटा, दावं आणि जनावर. पेशी बिघडली की आधी आतलं हे दावं तोडते. मग सुटलेलं जनावर कुणाच्या रानात शिरेल काय सांगावं? यकृतात जाईल, पोटाच्या पडद्यावर जाईल."

"मग तुमी काय करणार? मारणार त्येला?"

"नाही. बांधणार."

उपचार नवा होता. दुर्बिणीतून जठराच्या अस्तरावर एक फवारा मारायचा. फवाऱ्यात चरबीचे अतिसूक्ष्म थेंब आणि प्रत्येक थेंबात त्या प्रथिनाची पाककृती. पेशी ती कृती वाचते आणि दावं स्वतःच वळायला लागते. चांगली पेशीही वळते आणि बिघडलेलीही. कॅन्सर मरत नाही, पण जागचा हलत नाही. त्या प्रथिनाचं खरं नाव म्हणजे तीन अक्षरं आणि चार आकडे. आमच्या विभागात सगळे दावंच म्हणायचे.

आईचा चेहरा उजळला. "म्हंजे जीव मारायचा न्हाई. नुसता बांधून ठेवायचा."

आमचं घर जैन. आई पाणी गाळून पिते, दिवस मावळल्यावर तोंडात काही घालत नाही, मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून अंगणात वाकून चालते. केमोचं नाव काढल्यापासून ती महिनाभर गप्प होती आणि ती मरणाला भ्यालीय असं मी समजत होतो. ते निम्मंच खरं होतं. "माझ्या अंगातलं असलं तरी जीवच की त्यो," ती परत येताना बसमध्ये म्हणाली. मला हसू आलं आणि लगेच डोळेही भरले. मी मिरज स्टँडवर चातुर्मासातसुद्धा कांदाभजी खाणारा माणूस. देवाधर्माशी माझं नातं शेजाऱ्यासारखं, भेटलं की जय जिनेंद्र. पण त्या बसमध्ये मी बोलून गेलो, "आई, दोन वर्षं नीट काढलीस तर दशलक्षणाचे दहा उपास कर. मिरवणूक मी काढतो. पारण्याचा पहिला घोट माझ्या हातानं."

दशलक्षण म्हणजे भाद्रपदातले आमचे दहा दिवस. क्षमेपासून सुरुवात, मग रोज एकेका धर्माचा दिवस. बरेच जण एकभुक्त राहतात; काही जण दहाही दिवस दिवसातून एकदा उकळलेलं पाणी, बाकी काही नाही, असे काढतात. त्यांची वाजतगाजत मिरवणूक निघते. आईला ते जन्मात एकदा करायचं होतं आणि नानांच्या आजारपणात ते राहून गेलं होतं.

"शब्द दिलास," ती म्हणाली.

"दिला."

दावं टिकलं. त्या प्रथिनाला तपकिरी रंग देणारं एक द्रव्य असतं. दावं शाबूत असलं की प्रत्येक पेशीभोवती लुगड्याला असतो तसा काठ दिसतो. दर सहा महिन्यांनी आईचा काप मी स्वतः काढत होतो आणि दर वेळी काठ भरदार. बिघडलेल्या पेशी होत्या तिथेच होत्या, तपकिरी काठाच्या आत मुकाट्याने उभ्या.

दरम्यान भलतीच गोष्ट उघडकीला आली. पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्यांची जठरं तपासायला घेतली तर दर पाचांतल्या एकाच्या अस्तरात अशा दोन-चार पेशी निघाल्या. बहुतेकांच्या जन्मभर गप्प बसतात म्हणे. पण 'बहुतेक' या शब्दावर डोकं ठेवून झोप कुणाला लागणार? फवाऱ्याला दहा मिनिटं लागतात, भूल लागत नाही. शिबिरं निघाली, गावोगाव मांडव पडले. दोन वर्षांत आमच्या तालुक्यात नऊ हजार माणसांना दावं बांधून झालं. त्या नऊ हजारांच्या पोटातलं काहीही मेलेलं नव्हतं. सगळं जिवंत होतं आणि बांधलेलं होतं, आणि गाव खुशीत होतं.

फवारा घेतलेल्या प्रत्येकाच्या फोनवर 'राखण' नावाची सोय असायची. रोज सकाळी ती गोड आवाजात विचारायची: काल पोट दुखलं का, आज उपास आहे का, असल्यास किती दिवसांचा. सोबत एक पत्रक मिळायचं. त्यात एक ओळ होती, दोन दिवसांहून जास्त उपास करायचा असल्यास डॉक्टरांना विचारा. असल्या ओळी सर्दीच्या गोळीवरही असतात. मी ती वाचली आणि पुढे गेलो. आईच्या फोनवर राखण मीच बसवली, तिच्या बोलण्यावरून उत्तरं टिपून घेईल अशी.

यंदाचा भाद्रपद आला. आई उपासाला बसली.

आता इथे आमच्यातली एक रीत सांगायला हवी. दहा उपास करणारा माणूस पहिल्याच दिवशी 'मी दहा करणार' असं कधी म्हणत नाही. तो गर्व झाला. उद्या आपण असू की नसू कुणी सांगावं? म्हणून रोज सकाळी बस्तीत, आम्ही जैन मंदिराला बस्ती म्हणतो, हात जोडून फक्त त्या दिवसाचा नियम घ्यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या दिवसाचा. मनात दहा असले तरी तोंडात एकच. सातव्या दिवशी जरी कुणी विचारलं की कितीचा उपास, तरी उत्तर 'आजचा'.

तर राखण रोज सकाळी विचारायची, "आज उपास आहे का?"

"हाय," आई म्हणायची.

"किती दिवसांचा?"

"एक."

"चालेल. भरपूर पाणी प्या."

सहा सकाळी मी हे संभाषण बूट घालता घालता ऐकलं. माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. उलट मला गंमत वाटली, की आईला फोनशी बोलायला जमलं.

सातव्या दिवशी दुपारी एका ठोकळ्यासाठी मला हाक आली. यंत्राने रंगवलेल्या कापावर तपकिरी काठ उठत नव्हता. द्रव्य शिळं झालं असेल म्हणून मी नव्या बाटलीतलं घेतलं. काठ नाही. दुसऱ्या माणसाचा चांगला काप शेजारी ठेवून दोन्ही एकदम रंगवले. शेजारच्याला काठ उठला, याला नाही. मी मॅडमना बोलावलं. त्यांनी याच नंबराची सहा महिन्यांपूर्वीची स्लाइड काढली. तिच्यात दावं ठणठणीत होतं.

"सहा महिन्यांत खाल्लं कुणी ते?" त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि नियम मोडून त्यांनी नंबरामागचं नाव काढलं. कुरुंदवाडकडचे अठ्ठावन्न वर्षांचे गृहस्थ होते. फोन लावून त्यांनी तो मलाही ऐकू येईल असा ठेवला.

"काय न्हाई बघा मॅडम," गृहस्थ सांगत होते. "श्रावणात आठ उपास केलं. लई हलकं वाटत हुतं. पारणं झालं आन् तिसऱ्या दिवसापासनं पोटात कसंतरीच व्हाय लागलं."

"आठ दिवसांचा उपास राखणला सांगितला होता का?"

"रोज सांगत हुतो की. रोजचा एक."

मॅडमनी फोन ठेवला. सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

"घरात दाणा नसला की माणूस काय करतो?" त्या म्हणाल्या. "अडगळीतली भांडी मोडीत काढतो. पेशीचंही तेच. बाहेरून अन्न आलं नाही की ती आपलीच प्रथिनं मोडून चूल पेटवते. पहिले दोन-तीन दिवस साठवणीवर निघतात. मग ती जास्तीचं काय आहे ते शोधायला लागते. आणि आपण बांधलेलं दावं तिच्या दृष्टीने जास्तीचंच."

"चाचण्यांत कुणी बघितलं नाही?"

"बघितलं ना. दोन दिवसांपर्यंत. चाचण्या जिथे झाल्या तिथे त्याहून जास्त कुणी आपखुशीने उपाशी राहतच नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "खरी भीती पुढे आहे. पारण्याला अन्न येतं तेव्हा सगळ्या पेशींना वाढा असा हुकूम सुटतो. बांधलेली जागेवर वाढते. सुटलेली निघते."

मी हातातली स्लाइड खाली ठेवली. "मॅडम, आई. आज सातवा."

त्या मला अहो-जाहो करतात, बावीस वर्षांत कधी चुकल्या नाहीत. त्या दिवशी चुकल्या. "सन्मती, मग इथे काय करतोयस?" असं म्हणाल्या आणि माझा ॲप्रन त्यांनीच ओढून काढला. "आज थांबल्या तर थोडी दावी शिल्लक असतील. दहाव्या दिवशी एकही नसेल. त्यांना खायला घालणं धोक्याचं आहे आणि न घालणं जास्त धोक्याचं. थेंबाथेंबाने घालू, माझ्या नजरेखाली. पुन्हा फवारा मारू. पण दावं वळायला पेशीला बळ लागतं आणि बळ अन्नातून येतं. त्या अन्नाने आधी दावं वळलं जाईल की आधी जनावर पळेल, ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

घरी पोहोचलो तेव्हा दिवस नुकताच मावळला होता. आई चटईवर भिंतीला टेकून बसली होती. चेहरा लहान झालेला, पण डोळे असे लख्ख, की मला सगळं गिळून टाकावंसं वाटलं. मी सांगितलं. या वेळी लांबण लावली नाही.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आता दिवस मावळला. आजचा नियम आज पुरा होणार. सकाळपत्तूर पाणीसुदीक न्हाई."

"आई—"

"ऐक की. नियम आजचाच असतोय. उद्याचा मी अजून कुठं घेतलाय? न्हाई घेतला तर मोडला असं होत न्हाई."

मला इतकं हायसं वाटलं की मी तिच्यासमोर खाली बसलो. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात थंड होता. तेव्हा मला दिसलं की ती रडते आहे. "तीनच ऱ्हायलं हुतं रे," ती म्हणाली. दोन वर्षांत, दुर्बीण घातली तेव्हा किंवा आजाराचं नाव कळलं तेव्हा, ती रडली नव्हती.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि विचारलं, "गावात किती जणं बसलीत, ठावं हाय?"

"एकतीस."

"त्यांतली दाव्याची?"

मी येतानाच हॉस्पिटलच्या यादीवरून मोजून आलो होतो. "बावीस."

"त्यांचाबी फोन रोज 'चालेल'च म्हणत असंल," आई म्हणाली आणि भिंत सोडून ताठ बसली.

सकाळी बस्तीत पांढऱ्या कपड्यांतली एकतीस माणसं ओळीने बसली होती. पुढे भरमूअण्णा चौगुले, विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, स्वतः आठव्या उपासात आणि स्वतः दाव्याचे. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. सात दिवस उपाशी असलेल्या माणसाचा शांतपणा फार वाईट असतो, त्याच्यावर काही चिकटत नाही.

"किती जणांचं बघून सांगालायस?" त्यांनी विचारलं.

"एकाचं."

"एकाचं! आन् ती काच कुणी कापली?"

"मीच."

"खाल्लं तर भीती, न खाल्लं तर भीती, असंच म्हणाल्या न्हवं तुझ्या मॅडम? मग भीतीसाठी तप का सोडू मी?"

मी अर्धवट शास्त्र घेऊन पूर्ण श्रद्धेसमोर उभा होतो. तेवढ्यात आई खांबाला धरून उभी राहिली.

"मी आजचा नियम घेत न्हाई," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण तिथल्या निम्म्यांनी तो पाच वर्षांचे असताना ऐकलेला होता, त्यामुळे कुजबुज थांबली. "आज आठवा दिवस, उत्तम त्यागाचा. कुणी आज धान्य सोडतंय, कुणी सोनं सोडतंय. मी माझी मिरवणूक सोडते. दाव्याचं जे कुणी हाय त्यांनी माझ्यासंगं चला. बाहेर हॉस्पिटलची गाडी उभी हाय. सन्मती, आण ती बाटली."

बाटलीत मॅडमनी मोजून दिलेलं साखरेचं पाणी होतं. चार चमचे, त्याहून एक थेंब जास्त नाही. पहिला घोट माझ्या हातानं, असा मी शब्द दिला होता. सगळ्या बस्तीसमोर मी चमचा आईच्या ओठांशी नेला. सात दिवसांत कोरडे पडलेले ओठ त्या गोडाने थरथरले आणि माझ्या मनात आलं, की हा घोट आता कोणाकोणाला पोचतो आहे.

आईच्या मागून शेजारची शोभा उठली, मग तिचा दीर, मग हळूहळू बाकीचे. चौदा जण झाले, आई धरून. आठ जण बसून राहिले. भरमूअण्णांनी डोळे मिटून हात जोडले आणि मोठ्याने त्या दिवसाचा नियम घेतला.

नवव्या दिवशी आईला पुन्हा फवारा मारला आणि चार तुकडे काढले. दहाव्या दिवशी ते माझ्यासमोर आले. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही नका कापू, यंत्राला कापू द्या." मी ऐकलं नाही. माझा हात थरथरला नाही, याचं मला अजूनही नवल वाटतं.

तीन तुकड्यांत काठ होता, विटलेला, जागोजागी उसवलेला, पण होता. चौथ्यात नव्हता. आणि त्या चौथ्याच्या कडेला, दोन वर्षं जिथे मी कधी काही बघितलं नव्हतं, तिथे पाच पेशी होत्या. मी तीनदा मोजल्या. एकमेकींना न धरता, पाचही एका रांगेत, अस्तराच्या बाहेरच्या बाजूला तोंड करून.

मॅडमनी बघितलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "नवं दावं धरतंय का ते तीन आठवड्यांनी कळेल," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत आईंना काही सांगू नका. आपल्यालाही काही ठरवून सांगता येणार नाही." त्यांनी फवारा बनवणाऱ्या कंपनीला पत्र पाठवलं, सरकारी खात्यात पाठवलं, दोन्हीकडे फोन केले. दोन्हीकडून एकाच साच्यातलं उत्तर आलं: माहिती नोंदवून घेतली आहे, अभ्यास सुरू आहे. तोवर राखण बदलता येणार नाही. घट बसायला पंधरवडा उरला होता. नऊ दिवस उपास करणाऱ्या किती बायकांना आम्ही दावं बांधलंय याची यादी मॅडम काढायला बसल्या. यादी लांबत गेली आणि रात्रपाळीचे लोक आले तरी संपली नव्हती.

अकराव्या दिवशी आई घरी आली आणि बाराव्या दिवशी क्षमावाणी होती. वर्षभरात कळत-नकळत जे दुखावलं असेल त्याबद्दल त्या दिवशी प्रत्येक जण प्रत्येकाला 'उत्तम क्षमा' म्हणतो. लहान मोठ्याला म्हणतो, मोठा लहानाला. आमच्या गावात मिरवणूकही त्याच दिवशी असते.

आई दारात खुर्चीवर बसली होती, मांडीवर वाटी. मॅडमनी आता दर तीन तासांनी मुगाच्या कढणाची परवानगी दिली होती आणि मी पळीने ते वाटीत घालत होतो. ढोल ऐकू आले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मांडव घातला होता, झेंडूच्या माळा होत्या आणि पांढऱ्या कपड्यांत दहा उपास पुरे केलेली सतरा माणसं बसली होती. दावं नसलेल्या नऊ जणांकडे मी बघितलं आणि सोडून दिलं. बाकीच्या आठांवर माझी नजर एकेक करून फिरली. काल सकाळी त्यांचं पारणं झालं होतं. भरमूअण्णांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता आणि त्यांच्या गालांवर नवी तकाकी आली होती. तिसरा दिवस उद्या.

आईने वाटी बाजूला ठेवून हात जोडले. "अनुमोदना करते," ती पुटपुटली. दुसऱ्याच्या तपाला मनापासून बरं म्हणायची आमची ती रीत. भरमूअण्णांनी ट्रॉलीवरून वाकून तिला हात जोडले आणि ओरडून म्हणाले, "राजाक्का, उत्तम क्षमा!" ढोल पुढे गेले.

आई रस्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सन्मती, माझं दावं हाय का रे?"

"हाय," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं.

"चांगलं आहे," मी म्हणालो. "म्हणजे कसं असतं, आई, तपकिरी रंग उठतो ना, तो पेशीच्या कडेला उठतो, अगदी काठासारखा, आणि कधी कधी तो फिका दिसतो पण त्याचा अर्थ तसा नसतो, कारण काप जाड-पातळ झाला तरी—"

तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"उत्तम क्षमा, बाळ," ती म्हणाली.

मी पायरीवर बसून राहिलो. मला तिच्याकडे बघवेना आणि तिथून उठवेना. आईने वाटी उचलून माझ्यापुढे धरली.

"गार व्हाय लागलंय," ती म्हणाली. "घाल आणि एक पळी."